पाण्याचे वाटाडे

पुण्यामुंबईच्या मोठ्या पुस्तकांच्या दुकानांत किल्ल्यांचा वेगळा कप्पा असतो. पायथ्याचं गाव कोणतं, वाट कुठून चढते, पिण्याच्या पाण्याचं टाकं कुठे, चोरदरवाजा कोणत्या अंगाला, हे सांगणारी पुस्तकं तिथे हव्या त्या आकारात आणि हव्या त्या किमतीत मिळतात. नद्यांचा कप्पा मात्र सहसा नसतो. वाशिष्ठीच्या खाडीत होडी कुठपर्यंत आत जाते, भीमेच्या कोणत्या डोहात कोणता मासा असतो, प्रवरेच्या कोणत्या संगमावर कोणतं जुनं देऊळ आहे, हे सगळं एका जागी सांगणारं पुस्तक मागितलं, तर हाती पडतं ते तीर्थयात्रेचं किंवा मत्स्यशेतीचं.

अशा पुस्तकांची परंपराच आपल्याकडे नव्हती, असं मात्र म्हणता येणार नाही. पाण्यावरच्या वाटाड्या पुस्तकांची आपल्या मुलखातली वंशावळ जवळजवळ दोन हजार वर्षं मागे जाते. व्यापाऱ्याने आपलं पुस्तक लिहिलं, यात्रेकरूने आपलं, राजाने आपलं आणि सरकारने आपलं. प्रत्येकाने पाण्याकडे आपल्या गरजेपुरतं पाहिलं आणि तेवढंच उतरवलं. माहिती मात्र सगळ्यांनी एकाच माणसाकडून घेतली. तो होडीत उभा होता, पाण्याचा तळ त्याला पाठ होता आणि त्याचं नाव या पुस्तकांत सहसा आलं नाही. ही वंशावळ उलगडून पाहिली, की आज कोणतं पुस्तक लिहायला हवं तेही कळतं.

नर्मदेच्या मुखाशी

पहिला ठळक धागा सापडतो तो इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक पुस्तकात. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या नावाने ते ओळखलं जातं. लेखक अज्ञात आहे, पण तो इजिप्तमधून तांबड्या समुद्रामार्गे व्यापार करणारा माणूस असावा, यावर अभ्यासकांचं बहुतेक एकमत आहे. कोणत्या बंदरात काय विकलं जातं, काय विकत घ्यावं, कोणत्या महिन्यात निघावं, कुठे खडक आहेत, अशी त्याची मांडणी. कोकणपट्टीवरची सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरं त्यात ओळीने येतात. देशावरचं पैठण भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेर त्याच्याही पुढे दहा दिवसांच्या वाटेवर, हेही त्याने नोंदवलं आहे. कल्याण एके काळी रीतसर बाजारपेठ होती, पण आता तिथे गेलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात, ही राजकारणाची खबरही तो देतो. जलमार्ग, बाजार आणि इतिहास या पुस्तकात एकत्र नांदतात.

या पुस्तकातला सर्वांत जिवंत भाग भडोचच्या मुखाचा आहे. नर्मदा जिथे खंबायतच्या आखातात उतरते तिथे पाणी उथळ, वाळूचे दांडे सरकते आणि भरतीचा जोर भयंकर. लेखक सांगतो, की अमावास्येच्या सुमारास रात्रीची भरती येते तेव्हा दुरून सैन्याचा कोलाहल ऐकू यावा तसा आवाज येतो आणि पाठोपाठ पाणी उथळ जागांवरून गर्जत घुसतं. अनोळखी जहाज अशा वेळी आडवं होतं, वाळूत रुततं, उलटतं. त्यावरचा उपायही तो नोंदवतो. राजाच्या चाकरीतले स्थानिक मच्छीमार मोठ्या, भरपूर वल्हेकरी असलेल्या होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पुढे जातात, परकी जहाजं गाठतात आणि त्यांना दोराने ओढत, भरतीबरोबर पुढे सरकत, ओहोटीला ठरलेल्या खोल जागी नांगर टाकत भडोचपर्यंत आणतात. त्या होड्यांच्या प्रकारांची नावंही तो देतो.

हा परिच्छेद मला फार मोलाचा वाटतो. आपल्या किनाऱ्याबद्दलच्या जुन्यांतल्या जुन्या लेखी मार्गदर्शिकेतच हे मान्य केलेलं आहे, की पुस्तक एका जागेपर्यंतच पोचवतं आणि त्यापुढे कोळ्याच्या हाती सुकाणू द्यावं लागतं. पुढच्या पुस्तकांनी कोळ्याचं ज्ञान घेतलं, पण इतक्या मोकळेपणाने हे कबूल केलं नाही.

तीर्थांची क्रमवारी

दुसरी शाखा यात्रेकरूंची. ब्रह्मपुराणात गौतमीमाहात्म्य नावाचा शंभराहून अधिक अध्यायांचा भाग आहे. गौतमी म्हणजे गोदावरी. ब्रह्मगिरीवरच्या उगमाच्या कथेपासून सुरुवात होते आणि एकेक अध्याय एकेका तीर्थाला दिलेला असतो. तीर्थाचं नाव, तिथे काय घडलं, कोणत्या देवाचं स्थान आहे आणि तिथल्या स्नानाचं फळ काय, असा तो साचा. स्कंदपुराणाच्या रेवाखंडात नर्मदेच्या तीर्थांची अशीच मालिका येते. कृष्णा, भीमा, तापी यांचीही माहात्म्यं आहेत. आज ती भक्तीने वाचली जातात, पण त्यांच्या मांडणीकडे पाहिलं तर ती नदीकाठाने जाणाऱ्या माणसासाठी रचलेली दिसतात. एक स्थळ, त्याची गोष्ट, तिथे करायचा विधी, मग पुढचं स्थळ. शिवाय ही पुस्तकं एक गोष्ट कधी विसरली नाहीत. नदीवर कधी जायचं, हे ती तिथी-पर्वणीसकट सांगतात. गुरू सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरतो, हे त्याचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण.

या शाखेचं मराठीतलं सर्वांत देखणं फळ म्हणजे महानुभाव पंथाची ‘स्थानपोथी’. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं आणि पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी कुठे राहिले, कुठे बसले, कुठे कोणाशी काय बोलले याचा तपशील जमा झाला. त्या जागा नमस्कारासाठी शोधून काढायच्या, तर नेमका पत्ता हवा. त्या गरजेतून चौदाव्या शतकात स्थानपोथी तयार झाली. ती गाव सांगते, मग गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, त्याचं दार कोणत्या तोंडाचं, मढ कुठे, पायऱ्या कुठे, नदी कोणत्या अंगाला आणि त्यात स्वामींचं आसन नेमकं कोणत्या जागी, हे सांगते. भाषा कोरडी आणि नेमकी आहे, वाचणारा माणूस तिथे उभा राहणार आहे हे धरून लिहिलेली.

स्थानपोथीतली कितीतरी स्थळं पाण्याकाठी आहेत. महानुभाव वाङ्मयात गोदावरीला ‘गंगा’ म्हणतात आणि तिच्या काठचा मुलूख तो ‘गंगातीर’. पैठण, डोमेग्राम, प्रवरेवरचं बेलापूर ही गावं या नदीपट्ट्याने एकमेकांना जोडलेली आहेत. यातली अनेक देवळं पुढे पडली, घाट बदलले. पण स्थानपोथीतल्या दिशांच्या आधाराने अभ्यासकांना यादवकाळातल्या गावांची मांडणी जुळवता येते. वि. भि. कोलते यांनी ही पोथी संपादित करून छापली, तेव्हा पंथाबाहेरच्या वाचकांसाठीही तेराव्या शतकातल्या गंगातीराचं दार उघडलं. मराठीतलं स्थलवर्णनाचं पहिलं वाटाडं पुस्तक कोणतं, असं विचारलं तर मी हीच पोथी पुढे करेन.

राजाचा गळ

तिसरी शाखा राजाची आणि ती थेट मासे पकडण्याची. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, शके १०५१च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सगळं त्यात आहे. राजाच्या करमणुकींच्या भागात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरण येतं, ते गळाने मासे धरण्याचं.

हे प्रकरण वाचताना जाणवतं, की माहिती देणारा माणूस पाण्यात उतरलेला होता. मासे समुद्रातले की नदीतले, खवल्यांचे की बिनखवल्यांचे, मोठे की लहान, अशी वर्गवारी आहे. कोणत्या माशाला काय खायला आवडतं, तेही सांगितलं आहे. तीळ, हरभऱ्याचं पीठ, भात यांचे गोळे ठरावीक जागी पाण्यात टाकायचे, माशांना त्या जागेची सवय लावायची आणि मग गळ टाकायचा. दोरी कशाची, काठी कशी, गळ केवढा, हेही आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर या प्रकरणाचा अभ्यास केला आणि त्यातले मासे आजच्या कोणत्या जातींशी जुळतात याचा शोध घेतला. इंग्रजीत गळाच्या मासेमारीवरचं पहिलं छापील पुस्तक १४९६चं आणि आयझॅक वॉल्टनचं गाजलेलं ‘द कम्प्लीट अँगलर’ १६५३चं. दख्खनच्या नद्यांवरचा हा मजकूर त्या दोन्हींपेक्षा काही शतकांनी जुना आहे.

सोमेश्वर स्वतः नदीकाठी तासन्तास बसून माशांच्या सवयी शिकला असेल असं मानायला जागा कमी आहे. राजासाठी मासे हेरून ठेवणारे, त्यांना चारा घालणारे, दोऱ्या वळणारे लोक होते. ते ज्ञान संस्कृत श्लोकांत चढलं आणि राजाच्या नावाने टिकलं.

खोली, खडक, खुणा

समुद्रावर व्यापाऱ्यांची परंपरा पुढे चालूच राहिली. अरबी समुद्रात फिरणारे नाखवे आणि मालम हस्तलिखित पोथ्या बाळगत. ताऱ्यांच्या उंचीवरून बंदर कसं गाठायचं हे त्यांत असे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमद इब्न माजिद या अरब नाविकाने आपलं ज्ञान मोठ्या ग्रंथात बांधलं. पोर्तुगीज आले आणि त्यांनी या ज्ञानाला आपल्या ‘रोतैरू’ची जोड दिली. रोतैरू म्हणजे जलमार्गाची वही. १५३८-३९मध्ये जुआंव द काश्त्रू गोव्याहून दीवपर्यंत आरमाराबरोबर गेला आणि त्याने वाटेतल्या बंदरांची चित्रं काढली, पाण्याची खोली मोजली, भरतीच्या वेळा टिपल्या. एवढ्यावर न थांबता तो घारापुरीच्या लेण्यांतही शिरला आणि त्यांचंही वर्णन त्याने लिहून ठेवलं. बंदराच्या वाटेवर बेटावरचा इतिहास पाहून यावा, हे आजच्या पर्यटकाचं वागणं त्या वहीत जवळपास पाचशे वर्षांपूर्वी दिसतं.

इंग्रजांच्या काळात या वह्यांना कचेरीचं बळ मिळालं. जेम्स हॉर्सबर्ग नावाचा खलाशी १७८६मध्ये दिएगो गार्सियाजवळ जहाज फुटून वाचला. नकाशा चुकीचा असल्यामुळे तो अपघात झाला होता. त्यानंतर त्याने आयुष्यभर समुद्राच्या नोंदी गोळा केल्या, १८०९ ते १८११ या काळात पूर्वेकडच्या समुद्रांची मोठी मार्गदर्शिका काढली आणि त्याच काळात तो ईस्ट इंडिया कंपनीचा जलालेखक झाला. या पंथातल्या पुस्तकांत कोकण किनाऱ्यावरचे किल्ले, देवळं आणि डोंगरांचे सुळके दिशा ठरवण्याच्या खुणा म्हणून येतात. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर प्रवाळाचं एक बुडालेलं पठार आहे. नाविकांच्या नकाशांत ते आंग्रिया बँक म्हणून नोंदलं गेलं आणि कान्होजी आंग्र्यांचं नाव तिथे आजही आहे. मराठी आरमाराच्या इतिहासाचं एक पान असं समुद्राच्या नकाशात राहून गेलं.

मुळा-मुठेतला खुद्री

आता देशावरच्या नद्यांकडे येऊ. १८२४मध्ये मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याचं काम दिलं. पेशवाई बुडून सहाच वर्षं झाली होती. जमीन, पिकं, माणसं, गुरं यांबरोबर साइक्सने पक्षी, प्राणी आणि मासेही गोळा केले. विलायतेला परतल्यावर, १८३०च्या दशकाच्या अखेरीस त्याने लंडनच्या प्राणिशास्त्रीय सोसायटीपुढे दख्खनच्या माशांवर निबंध वाचला. त्यात चाळीसहून अधिक जाती होत्या आणि बऱ्याचशा शास्त्राला नव्या.

नव्या जातीला नाव द्यावं लागतं. साइक्सने त्यांतल्या कितीतरी माशांना काठावर ऐकलेलं नावच लॅटिन वळणाने देऊन टाकलं. खुद्री, मुसुल्ला, कोलस, मुल्या, नुकटा, सांडखोल, गोग्रा, शिंगटी, आळकूट. दख्खनचा महासीर आजही जगभर ‘टॉर खुद्री’ म्हणून ओळखला जातो. नाकाडावर विचित्र उंचवटा असलेला मासा आजही ‘नुकटा’च आहे. जगातल्या कोणत्याही संग्रहालयात हे मासे बरणीत ठेवले, तरी चिठ्ठीवर भीमा-मुळेच्या काठचा शब्द लिहावा लागतो. ते शब्द भोयांनी आणि कोळ्यांनी दिले. त्या निबंधात माशाचं नाव राहिलं, पकडणाऱ्याची ओळख नाही.

टॉर खुद्रीचं शास्त्रातलं मूळ ठिकाण पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेच्या पात्रात आहे. ज्या पाण्यात साइक्सला हा मासा मिळाला, त्या पाण्याची आजची अवस्था पुणेकरांना सांगायला नको. वर धरणं झाली, खाली शहराचं सांडपाणी आलं आणि स्वच्छ, वाहतं, खडकाळ पाणी मागणारा हा मासा तिथून हद्दपार झाला. १९७०च्या दशकात लोणावळ्याजवळ, टाटांच्या वळवण धरणाशी, डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी त्याची कृत्रिम पैदास यशस्वी केली. पुढे तिथली पिल्लं देशभरच्या पाण्यांत सोडली गेली. पुण्याच्या नदीवर पुस्तक लिहायचं तर पहिल्या पानावर हे सगळं यायला हवं: हा मासा जगाला इथून कळला, इथून गेला आणि शेजारच्या घाटमाथ्यावर वाढवला गेला.

साहेबाची छडी, सरकारचं खंड

साइक्सनंतर पस्तीसेक वर्षांनी मासेमारीचं खरंखुरं वाटाडं पुस्तक आलं. मद्रास इलाख्यातला सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३मध्ये मंगळूरला ‘द रॉड इन इंडिया’ छापलं. महासीर कुठे बसतो, कोणत्या ऋतूत गळाला लागतो, दोरा किती जाड हवा, हे त्याने आपल्या देशबांधवांना सांगितलं. थॉमसला माशांच्या नाशाचीही काळजी होती. बारीक जाळ्यांनी पिल्लं मारणं, पाण्यात विष कालवणं यांवर त्याने आधीही अहवाल लिहिला होता. १८९७च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारण्यावर बंदी घातली, त्यामागे अशा अधिकाऱ्यांचा रेटा होता. मात्र या काळजीत एक खोट होती. गावकऱ्याची पोटासाठीची मासेमारी तिला जितकी सलत होती, तितकी साहेबाची हौस सलत नव्हती. या घराण्यातलं पुढचं मोठं पुस्तक, ए. सेंट जे. मॅक्डोनल्डचं महासीरवरचं, १९४८मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने काढलं. हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या नद्यांवरची ठिकाणं त्यात आहेत. ते निघालं तोवर ज्यांच्यासाठी ते लिहिलं होतं, त्यांतले बहुतेक जण देश सोडून गेले होते.

याच काळात सरकारी कचेरीत दुसरं एक काम चाललं होतं आणि माझ्या मते या संपूर्ण वंशावळीत पूर्णतेच्या सर्वांत जवळ तेच पोचलं. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याची गॅझेटियर निघाली. रत्नागिरी-सावंतवाडी १८८०, ठाणे १८८२, कुलाबा-जंजिरा १८८३, अहमदनगर १८८४, पुणे १८८५. यातला रत्नागिरीचा खंड उघडून बसावं. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्यांत गलबत कुठवर येतं, कोणत्या खाडीला तोंडाशी वाळूचा दांडा आहे, पैलतीराला नेणारी तर कुठे चालते, मासे कोणते आणि कोणत्या जाळ्यात धरतात, खाडीच्या काठचं बंदर कोणत्या राजवटीत भरभराटलं, किल्ला कोणी बांधला, कोणी घेतला, हे सगळं एका जिल्ह्याच्या बांधणीत सापडतं. जलमार्ग आणि इतिहास अठराशे वर्षांनी पुन्हा एका पुस्तकात आले आणि या वेळी मासळीही त्यांच्याबरोबर आली.

तरी गॅझेटियर खिशात घालून नदीवर जायचं पुस्तक नव्हतं. ते कारभारासाठी होतं. उत्पन्न किती, जकात किती, रस्ता कुठला, हा त्याचा कणा. सामान्य वाचकाकडे पोचायला त्याला मराठीची आणि लहान आकाराची गरज होती. स्वातंत्र्यानंतर राज्याच्या दर्शनिका विभागाने मराठी खंडही काढले, पण ते ग्रंथालयाच्या कपाटातच राहिले.

मराठी लेखकांनी नदीकडे वेगळ्या वाटेने पाहिलं. काका कालेलकरांनी ‘लोकमाता’ म्हणून नद्यांवर लिहिलं. महादेवशास्त्री जोशींनी ‘तीर्थरूप महाराष्ट्र’मधून क्षेत्रं फिरवली. गो. नी. दांडेकरांनी नर्मदेची परिक्रमा केली आणि ‘नर्मदेच्या तटाकीं’ व ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ या पुस्तकांतून ती मराठी घरांत पोचवली. गडांवर वाटाड्यासारखं लिहिणारेही तेच. त्यांच्या दुर्गलेखनामागून किल्ल्यांच्या मार्गदर्शिकांची रीघ लागली, पण नदीच्या वाट्याला आली ती परिक्रमेची पुस्तकं. ही पुस्तकं आज मराठीत जोरात खपतात. नदी न ओलांडता सुमारे २,६०० किलोमीटर चालायचं, मुक्काम कुठे, अन्नछत्र कुठे, पुढचं गाव किती कोसांवर, हे ती नेमकं सांगतात. सरदार सरोवराची उंची १३८.६८ मीटरपर्यंत वाढत गेली, तसतशी शूलपाणीच्या झाडीतली जुनी वाट बुडाली आणि परिक्रमावासीयांना शहादा-प्रकाशाकडून वळसा घ्यावा लागला, तेव्हा या पुस्तकांनीही वाट बदलून छापली. धरणांच्या काळात नदीचं पुस्तक पुन्हा पुन्हा लिहावं लागतं, हा धडा त्यांच्याकडून घेण्यासारखा आहे. उजनीच्या पाण्यात पळसदेवचं जुनं देऊळ बुडालं आणि पाणी उतरलं की ते पुन्हा दिसतं. त्याच पाण्यात कटला आणि तिलापिया हे बाहेरून आणलेले मासे आज बाजार भरतात. जुन्या यादीवर भरवसा ठेवून तिथे गेलेल्याला वेगळीच नदी भेटते.

कधी जायचं आणि कशाला हात लावायचा नाही

किल्ल्याची वाट बाराही महिने जवळपास तीच असते. पाण्याची वाट दिवसातून दोनदा बदलते. म्हणून पाण्यावरच्या पुस्तकाला ठिकाणाइतकाच वेळेचा तपशील द्यावा लागतो आणि तो आपल्याकडे पंचांगाच्या रूपाने तयार आहे. कोकणात भरतीचा हिशोब तिथीवर करतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीनंतर सहाएक तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी सर्वांत वर चढतं आणि सर्वांत खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाण्याची हालचाल कमी. डोल जाळं कधी लावायचं, शिंपल्यांना कधी जायचं, खाडीतून गलबत कधी काढायचं, हे सगळं या हिशोबावर चालतं. मुंबईच्या अपोलो बंदरात १८७८पासून भरतीची यांत्रिक नोंद होत आली, पण त्याआधी कित्येक पिढ्या हा गुणाकार कोळीवाड्यातल्या पोरांना पाठ होता.

वेळेबरोबर संयम येतो. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रावर जायचं नाही, ही जुनी रीत. आज १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला कायद्याने बंदी आहे. देशावर आणि कोकणात पहिल्या पावसात मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात, ओढ्यांत आणि भातखाचरांत अंडी घालायला जातात. हे चढणीचे मासे पकडायला गाव लोटतं. त्यांच्या पोटात गाभोळी असते, म्हणजे पुढच्या वर्षाची सगळी मासळी. वाटाड्या पुस्तकाने या दिवसांची गंमत जरूर सांगावी आणि त्याच ओळीत हेही सांगावं, की हे मासे धरू नयेत.

महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. काठावर वरदायिनीचं स्थान आहे आणि डोहातले मासे देवीचे मानले जातात. चुरमुरे टाकले की हातभर लांबीचे महासीर पाण्यावर येतात. कोणी त्यांना धरत नाही. साइक्सला मुळा-मुठेत जो मासा मिळाला त्याचे भाईबंद इथे पिढ्यान्‌पिढ्या सुखाने आहेत आणि त्यासाठी तिथे जुन्या काळी ना पहारेकरी लागला ना कायदा. माहात्म्यांच्या परंपरेतली मनाई इथे माशाला वाचवून गेली. छडीवाल्या साहेबाच्या पुस्तकात अशा डोहाचं वर्णन आलं असतं, तर तिथे मोठा मासा मिळतो एवढंच वाचक लक्षात ठेवून गेले असते. ठिकाण सांगणारं पुस्तक ठिकाणाला धोकाही आणतं. म्हणून त्याने नियम सांगितलाच पाहिजे आणि जे डोह उघड करून संपतील, त्यांबद्दल गप्पही राहायला शिकलं पाहिजे.

पुढचं पुस्तक

हल्ली काही ठिकाणी काम सुरू झालं आहे. पुण्यात ‘जीवितनदी’सारखे गट लोकांना मुठेच्या काठाने चालवतात आणि घाट, झाडं, नाल्यांची मुखं दाखवतात. मुंबईत २०१७पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’चे कार्यकर्ते ओहोटीच्या वेळी लोकांना खडकांवर नेऊन समुद्रजीव दाखवतात. हे सगळं पायी आणि तोंडी चाललं आहे. ते पुस्तकात यायला हवं, नदी-नदीचं, खाडी-खाडीचं, मराठीत आणि परवडेल अशा किमतीत.

असं पुस्तक कसं असावं, हे ही वंशावळच सांगते. पेरिप्लसकडून कबुली घ्यावी, की शेवटचा टप्पा स्थानिक माणसाबरोबरच करायचा. स्थानपोथीकडून दिशा आणि नेमकेपणा घ्यावा. मानसोल्लासाकडून माशाच्या सवयींकडे पाहणारी नजर. रोतैरूकडून खोलीची मोजणी. साइक्सकडून लोकांच्या तोंडची नावं. गॅझेटियरकडून एकाच पानावर जलमार्ग, मासळी आणि इतिहास बसवण्याची रीत. परिक्रमेच्या पुस्तकांकडून दर काही वर्षांनी वाट तपासून नवी आवृत्ती काढण्याची शिस्त. आणि वाळणकोंडाकडून मनाई.

यात एक भर आपण घालायची आहे, कारण आधीच्या कोणीच ती घातली नाही. ज्या नाखव्याने खाडीचा दांडा दाखवला, ज्या भोयाने डोहाचं नाव सांगितलं, ज्या कोळणीने माशांची पाटी पुढे ओढून एकेक जात ओळखून दिली, त्यांचं नाव त्यांच्या संमतीने मुखपृष्ठावर लेखकाच्या नावाशेजारी छापायचं आणि मानधनातही त्यांचा वाटा ठेवायचा. दर्शनिका विभागाने, विद्यापीठांनी किंवा एखाद्या धाडसी प्रकाशकाने तालुक्यापासून सुरुवात केली तरी चालेल. महाडची सावित्री, चिपळूणची वाशिष्ठी, इंदापूरची भीमा, पैठणची गोदा, ही पहिली चार पुस्तकं मला माझ्या हयातीत वाचायची आहेत. ती लिहिण्याइतकं ज्ञान आजही काठावर आहे. ज्या पिढीकडे ते आहे, ती पिढी वयाने थकली आहे. म्हणून हे काम पुढच्या पिढीवर ढकलण्याची सवड आपल्याला नाही.